सेंट्रिफ्यूजमध्ये फुटलेली नळी: पुण्यातील एका प्रयोगशाळेचे प्रकरण

पुण्यात सातारा रस्त्यालगतच्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर चालणाऱ्या खासगी पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत, जुलै महिन्यातल्या एका गुरुवारी दुपारी, थुंकीच्या नमुन्यांवर प्रक्रिया चालू असताना सेंट्रिफ्यूजमधील (नळ्या वेगाने गरगर फिरवून गाळ तळाशी बसवणाऱ्या यंत्रातील) एक नळी फुटली. कोणाला जखम झाली नाही, यंत्र शाबूत राहिले आणि सांडलेला द्रव वाटीभरही नव्हता. तरीही हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवण्याजोगे आहे. फुटलेल्या नळीतील नमुना ज्या रुग्णाचा होता त्याच्या आदल्या दिवशीच्या सीबीनॅट तपासणीत (क्षयजंतूंचा डीएनए शोधणाऱ्या यंत्रावरची तपासणी) रिफॅम्पिसिन या क्षयावरील प्रमुख औषधाला दाद न देणारा क्षयरोग आढळला होता, आणि नळी फुटल्यानंतरच्या पाऊण तासात त्या खोलीत जे जे केले गेले ते प्रत्येकाने आपापल्या समजुतीप्रमाणे प्रामाणिकपणेच केले होते. प्रयोगशाळेचे नाव आणि संबंधितांची ओळख येथे दिलेली नाही. परीक्षणासाठी बाहेरून बोलावलेल्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाच्या नात्याने जे पाहिले, विचारले आणि नोंदवह्यांत वाचले, त्यावर हे लेखन आधारलेले आहे.

प्रयोगशाळा आणि तिचे काम

या प्रयोगशाळेत रक्त-लघवीच्या नेहमीच्या तपासण्यांबरोबर क्षयरोगासाठी दोन तपासण्या बरीच वर्षे होत होत्या: झील-नील्सन पद्धतीने रंगवलेल्या स्लाइडची सूक्ष्मदर्शकाखालील पाहणी आणि सीबीनॅट. कल्चर (नमुन्यातील जंतू वाढवून पाहणे) व औषध-संवेदनशीलतेसाठीचे (कोणते औषध लागू पडते हे पाहण्यासाठीचे) नमुने शहरातील मोठ्या प्रयोगशाळेकडे पाठवले जात. घटनेच्या काही महिने आधी परिसरातील छातीविकारतज्ज्ञांकडून 'कॉन्सन्ट्रेटेड स्मिअर'ची मागणी येऊ लागली. थुंकी पातळ करून, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून, तळाशी बसलेल्या गाळाची स्लाइड केली की कमी जंतू असलेले नमुनेही सापडण्याची शक्यता वाढते, हे खरे आहे. प्रयोगशाळेने ती तपासणी सुरू केली आणि सीबीनॅटबरोबर तिचे एक पॅकेजही केले. या बदलाची नोंद दरपत्रकात झाली, जोखमीच्या कागदपत्रांत झाली नाही.

परीक्षणात हाच मुद्दा सर्वांत आधी नोंदवला. क्षयरोगाच्या प्रयोगशाळांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने 2012 मध्ये जी जैवसुरक्षा पुस्तिका काढली, तिच्यात प्रयोगशाळांची वर्गवारी त्या कोणते जंतू हाताळतात यावर ठरवलेली नाही, कारण सगळ्याच क्षयाचे जंतू हाताळतात. ती ठरते त्यांच्यावर कोणती कृती केली जाते आणि त्या कृतीतून हवेत किती सूक्ष्म तुषार उडतात यावर. थुंकीची थेट स्लाइड करणे आणि सीबीनॅटसाठी नमुना तयार करणे ही कमी जोखमीची कामे मानली आहेत. खेळती हवा आणि शिस्त असेल तर ती साध्या टेबलावर करता येतात. तीच थुंकी पातळ करून, ढवळून, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायची ठरवली की काम मध्यम जोखमीचे होते आणि त्यासाठी जैवसुरक्षा कॅबिनेट (हवा आत ओढून गाळून बाहेर सोडणारे, काम करण्याचे कपाट) तसेच एकाच दिशेने वाहणारी हवा लागते. वाढवलेल्या कल्चरवर काम करायचे असेल तर त्याहून वरची, बंदिस्त प्रयोगशाळा लागते, कारण एका नळीतील जंतूंची संख्या तेथे कित्येक पटींनी वाढलेली असते. म्हणजे या प्रयोगशाळेने एक तपासणी वाढवली त्या दिवशी ती एक पायरी वर चढली होती. खोली, टेबल, सेंट्रिफ्यूज आणि माणसे मात्र खालच्या पायरीवरचीच राहिली.

देशातील पहिली बीएसएल-4, म्हणजे सर्वोच्च जैवसुरक्षा पातळीची, प्रयोगशाळा ज्या शहरात, राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेच्या पाषाण येथील परिसरात, उभी आहे, त्या शहरातल्या लहान प्रयोगशाळांत 'जैवसुरक्षा म्हणजे त्यांच्याकडचे काम, आपल्याकडे काय नुसती थुंकी' असा सूर सहज ऐकू येतो. क्षयरोगाच्या बाबतीत तो सूर विशेष महाग पडतो, कारण हा आजार जडायला श्वासावाटे आत गेलेले थोडेसे जंतूही पुरतात.

घटना

त्या दिवशी सकाळी देखभालीच्या कामासाठी परिसराचा वीजपुरवठा बंद होता. गुरुवार असल्यामुळे पुणेकराला यात नवल वाटण्याचे कारण नाही. दीडच्या सुमारास वीज आली तेव्हा सकाळचे सगळे काम तुंबलेले होते आणि संध्याकाळी अहवाल देण्याचे आश्वासन तसेच उभे होते. बाहेर पाऊस असल्याने दोन्ही खिडक्या लावलेल्या होत्या आणि एसी चालू होता. सहा नमुन्यांवर सोडियम हायड्रॉक्साइड व एन-अॅसिटिल सिस्टीनची प्रक्रिया करून, बफर घालून, पन्नास मिलिलिटरच्या सहा नळ्या सेंट्रिफ्यूजमध्ये समोरासमोर लावण्यात आल्या. वजनकाट्यावर जोड्या जुळवण्याची पद्धत प्रयोगशाळेत होती, पण त्या दिवशी द्रवाची पातळी नजरेनेच जुळवली गेली.

यंत्र पूर्ण वेगात आल्यावर काही मिनिटांत आतून खडखडाट ऐकू आला. टेक्निशियनने यंत्र तत्काळ बंद केले, रोटर थांबताच झाकण उघडले आणि कोणती नळी फुटली हे वाकून पाहिले. तिच्या तोंडावर तीन पदरी सर्जिकल मास्क होता. एक नळी तळाशी चिरली होती आणि तिच्यातील जवळजवळ सगळा द्रव रोटरच्या भोवती व झाकणाच्या आतल्या बाजूस उडालेला होता. तिने सिंकखालची फिनेलची बाटली घेतली, कापूस भिजवून यंत्र आतून पुसले, कापूस पिवळ्या पिशवीत टाकला आणि उरलेल्या पाच नळ्या दुसऱ्या जागी लावून यंत्र पुन्हा सुरू केले. त्या वेळी खोलीत तिच्यासह चार जण होते. एक जण रक्ताचे नमुने लावत होता, एक अहवाल टंकत होती आणि एक शिकाऊ मुलगा नुसता बघत उभा होता.

फुटलेल्या नळीची स्लाइड नाही हे सीनियर टेक्निशियनच्या लक्षात आले ते सुमारे पाऊण तासाने, आणि त्यांनी चौकशी केली म्हणून घटना उघड झाली. नमुना कोणाचा होता हे पाहिल्यावर त्यांनी पॅथॉलॉजिस्ट डॉक्टरांना फोन केला. डॉक्टरांनी खोली रिकामी करायला सांगितले, खिडक्या उघडून एसी बंद करवला आणि दार बाहेरून लावून घेतले. या क्षणापासून पुढचे निर्णय बहुतांशी योग्य होते. त्याआधीच्या पाऊण तासाचा विचार मात्र बारकाईने करावा लागेल.

मेलेले आणि न मेलेले जंतू

सीनियर टेक्निशियनशी बोलताना त्यांनी एक प्रश्न अगदी मनापासून विचारला: "सोडियम हायड्रॉक्साइड घातलं होतं की, मग जंतू राहिले कुठे?" सगळ्या प्रकरणाचे मूळ या एका वाक्यात सापडते.

सीबीनॅटच्या कामात थुंकीच्या दुप्पट प्रमाणात जे सॅम्पल रीएजंट घालतात, त्यात सोडियम हायड्रॉक्साइड आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल असते. ते घालून नीट हलवून पंधरा मिनिटे ठेवले की जिवंत क्षयजंतूंची संख्या किमान दहा लाख पटींनी घटते. म्हणूनच ते मिश्रण कार्ट्रिजमध्ये भरण्याचे काम साध्या टेबलावर करण्यास परवानगी आहे. या प्रयोगशाळेतील माणसांचा हात अनेक वर्षे याच कामावर बसलेला होता. कॉन्सन्ट्रेशनसाठीही बाटलीवर सोडियम हायड्रॉक्साइड असेच नाव होते, वेळही पंधरा-वीस मिनिटांचीच होती आणि मिश्रणही तसेच पातळ, पिवळट दिसत होते. हेतू मात्र नेमका उलटा आहे. येथे सोडियम हायड्रॉक्साइडचे अंतिम प्रमाण सुमारे एक टक्का ठेवतात आणि वेळ संपताच बफर घालून त्याचा प्रभाव थांबवतात, तो क्षयजंतू जिवंत राहावेत यासाठीच. थुंकीतील इतर जिवाणू मरावेत आणि मेणचट आवरणाचे क्षयजंतू तगून पुढे कल्चरमध्ये वाढावेत, ही त्या प्रक्रियेची सगळी कल्पना आहे. काही क्षयजंतू तीत मरतात, पुष्कळ उरतात. फुटलेल्या नळीत जे फिरत होते ते जिवंत होते, आणि कफ विरघळलेला असल्याने ते मूळ थुंकीपेक्षा अधिक सहजपणे तुषारांत उडण्याजोगे होते.

दोन रसायनांची ही गल्लत ज्यांनी केली त्यांना दोष देणे मला पटत नाही. नवी पद्धत शिकवताना त्यांना प्रमाण, वेळ आणि वेग शिकवला गेला. कोणत्या टप्प्यावर जंतू जिवंत आहेत आणि कोणत्या टप्प्यावर नाहीत, हे कोणी सांगितले नव्हते. प्रयोगशाळेच्या लेखी कार्यपद्धतीत प्रत्येक पायरीसमोर एक रकाना असावा आणि त्यात 'जंतू जिवंत' किंवा 'जंतू निष्क्रिय' एवढेच लिहिलेले असावे, अशी सूचना आम्ही केली. स्लाइडच्या बाबतीतही तो रकाना उपयोगी पडतो, कारण ज्योतीवरून फिरवून पक्की केलेली स्लाइड जंतुमुक्त झाली असे समजून उघड्या हातांनी धरणारे पुष्कळ भेटतात. त्या उष्णतेने सगळे जंतू मरतातच असे नाही. रंगवून होईपर्यंत स्लाइड संसर्गजन्य समजूनच हाताळायची असते, आणि ओली स्लाइड ज्योतीवर धरायची नसते.

झाकण उघडले तेव्हा

सेंट्रिफ्यूजमध्ये नळी फुटल्याचा संशय आला तर यंत्र बंद करावे आणि झाकण किमान अर्धा तास उघडू नये, हा नियम जवळजवळ प्रत्येक मार्गदर्शक पुस्तिकेत आहे. बकेट (नळ्या ठेवायची यंत्रातली भांडी) झाकणबंद असतील तर त्या तशाच उचलून जैवसुरक्षा कॅबिनेटमध्ये नेऊन उघडायच्या असतात. या यंत्राच्या बकेटना झाकणे नव्हतीच. प्रयोगशाळेत हे सेंट्रिफ्यूज मुळात रक्तातील सीरम वेगळे करण्यासाठी घेतलेले होते.

अर्ध्या तासाचा हा आकडा मात्र डोळे झाकून घेण्यासारखा नाही, आणि या खोलीच्या बाबतीत तो अपुरा होता. क्षयजंतू वाहून नेणारे कण एक ते पाच मायक्रॉनचे असतात. ते पटकन खाली बसत नाहीत, हवेबरोबर तरंगत राहतात. खोलीतील हवा ताशी बारा वेळा बदलत असेल तर हवेतील 99 टक्के कण निघून जायला सुमारे तेवीस मिनिटे लागतात. ताशी सहा वेळा बदलत असेल तर सेहेचाळीस मिनिटे लागतात. ताशी दोनच वेळा बदलत असेल तर सव्वा दोन तासांहून अधिक वेळ लागतो. खिडक्या बंद आणि स्प्लिट एसी चालू अशा खोलीत बाहेरची हवा येते ती दाराखालच्या फटीतून येईल तेवढीच. स्प्लिट एसी हवा थंड करतो, बदलत नाही. आतलीच हवा ओढून तीच पुन्हा खोलीभर फेकतो. त्यामुळे कोपऱ्यात अहवाल टंकणाऱ्या मुलीला 'मी लांब होते' असे वाटत असले तरी प्रत्यक्षात ती फारशी लांब नव्हती. उघड झाल्यावर डॉक्टरांनी एसी बंद करून खिडक्या उघडल्या आणि आम्ही मोजमाप होईपर्यंत त्या दिवशी कोणालाही आत जाऊ न देण्याचा सल्ला दिला, तो याच हिशेबाने.

मास्कबद्दलही दोन शब्द लिहायला हवेत. सर्जिकल मास्क घालणाऱ्याच्या तोंडचे थेंब अडवतो. समोरच्या हवेतील सूक्ष्म कण कडांवरून आत येतात. सांडलेला नमुना आवरायला जाणाऱ्याने चेहऱ्यावर घट्ट बसणारा एन-95 घालायला हवा. प्रयोगशाळेत करोनाच्या काळातले एन-95 खोकाभर होते, फक्त ते कपाटात कुलूपबंद होते.

फिनेलने पुसणे हा तिसरा प्रश्न होता. घरात फरशी पुसायला वापरतात ते फिनेल आणि प्रयोगशाळेत लागणारे पाच टक्के फिनॉल या वेगळ्या गोष्टी आहेत. बाजारात जंतुनाशक म्हणून मिळणाऱ्या क्वाटर्नरी अमोनियम प्रकारच्या द्रवांनाही क्षयजंतूचे मेणचट आवरण दाद देत नाही. पाच टक्के फिनॉल, त्याच दिवशी तयार केलेले पुरेशा ताकदीचे हायपोक्लोराइट किंवा धातूच्या भागांसाठी 70 टक्के अल्कोहोल यांपैकी काहीतरी हवे, आणि ते नुसते पुसून भागत नाही. सांडलेल्या जागेवर आधी टिश्यू किंवा कापड अंथरायचे, जंतुनाशक कडेकडून मध्याकडे ओतायचे आणि अर्धा ते एक तास तसेच राहू द्यायचे. फुटलेले तुकडे चिमट्याने उचलायचे. हायपोक्लोराइटबाबत आणखी एक इशारा नियमावलीत ठळकपणे घातला: झील-नील्सनमध्ये वापरलेले सल्फ्युरिक आम्ल ज्या बादलीत पडते, त्या बादलीत ते कधीही ओतू नये, कारण त्यातून क्लोरीन वायू निघतो. तसेच हायपोक्लोराइट घातलेला कचरा ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात) घालू नये. या प्रयोगशाळेच्या स्टेनिंगच्या सिंकवर दोन्ही बाटल्या शेजारी-शेजारी होत्या.

नळी का फुटली, हे शेवटी साधेच निघाले. एकदाच वापरायच्या प्लास्टिक नळ्या ऑटोक्लेव्ह करून पुन्हा वापरल्या जात होत्या. त्यात वजन न जुळवल्याचा ताण आणि वेग यांची भर पडली. उरलेल्या पाच नळ्या पुन्हा फिरवणे हा सुरक्षेइतकाच गुणवत्तेचाही दोष होता. एका नळीतील जंतू बाकीच्यांच्या झाकणांवर व तोंडांवर उडालेले असताना त्यांचे अहवाल विश्वासार्ह राहत नाहीत. सहाही रुग्णांकडून पुन्हा नमुने मागवण्यात आले. त्यांच्या डॉक्टरांना कारण स्पष्टपणे कळवले गेले, हे प्रयोगशाळेच्या बाजूने नमूद करायला हवे. रिफॅम्पिसिन-प्रतिरोधाचा अहवाल निक्षय या क्षयरुग्णांच्या सरकारी नोंदणी पोर्टलवर आधीच नोंदवलेला असल्याने त्या रुग्णाचे पुढील उपचार अडले नाहीत.

चार जणांचे पुढे काय झाले

चौघांचीही लक्षणे विचारण्यात आली, छातीचे एक्स-रे काढण्यात आले आणि रक्तातील इग्रा तपासणी (क्षयजंतूंचा शरीरात शिरकाव झाला आहे का हे दाखवणारी) करण्यात आली. एक्स-रे चौघांचेही स्वच्छ होते. इग्रा दोघांची पॉझिटिव्ह आली. ही बातमी प्रयोगशाळेत पसरली तेव्हा घबराट झाली आणि अपघाताने दोघांना लागण झाली असेच सगळ्यांनी धरून चालले. प्रत्यक्षात ही तपासणी घटनेनंतर काही दिवसांतच केलेली होती, आणि जंतूंचा शरीरात शिरकाव झाल्यावर इग्रा किंवा त्वचाचाचणी पॉझिटिव्ह होण्यास दोन ते आठ-दहा आठवडे जातात. त्या दोघांच्या शरीरात जंतू आधीपासूनच सुप्त अवस्थेत असणार. भारतात सुप्त संसर्ग मोठ्या प्रमाणावर आढळतो, त्यामुळे त्यात काही असाधारण नाही. निगेटिव्ह आलेल्या दोघांची तपासणी दहा आठवड्यांनी पुन्हा केली, ती निगेटिव्हच आली.

ज्यांची इग्रा पॉझिटिव्ह होती त्यांच्या बाबतीत हे निष्कर्ष काढता आले, पण वाद मिटला नाही. त्यांच्यापैकी एकाने संसर्ग कामावरच, आधीच्या महिन्यांत झाला असावा असा दावा केला, आणि तो खोडून काढण्याचा किंवा मान्य करण्याचा कोणताच आधार उपलब्ध नव्हता. नोकरीवर घेताना कोणाचीही तपासणी केलेली नव्हती. क्षयरोगाच्या नमुन्यांशी संबंध येणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याची रुजू होतानाची तपासणी नोंदलेली असावी, असे सांगितले की मालकांना तो खर्च अनावश्यक वाटतो. या प्रकरणात ती नोंद असती तर प्रयोगशाळेचा आणि कर्मचाऱ्याचा दोघांचाही फायदा झाला असता.

प्रतिबंधात्मक उपचारांचा निर्णय छातीविकारतज्ज्ञांवर सोपवला. येथे एक बारकावा होता. आठवड्यातून एकदा घ्यायच्या आयसोनियाझिड व रिफापेंटिनच्या बारा मात्रा, हा सुप्त संसर्गासाठी सध्या वापरला जाणारा उपाय आहे. पण सांडलेला नमुना रिफॅम्पिसिनला दाद न देणाऱ्या जंतूंचा असल्याने त्या जंतूंपासून रिफापेंटिनने संरक्षण मिळेल असे गृहीत धरता येत नव्हते. तज्ज्ञांनी चौघांचीही लक्षणांसाठी दोन वर्षे नियमित चौकशी ठेवण्याचे ठरवले. ताप, दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला किंवा वजनात घट झाल्यास तत्काळ कळवायचे आणि त्या वेळी या घटनेचा उल्लेख करायचा, अशी लेखी चिठ्ठी चौघांना दिली आहे.

परीक्षणात आणखी काय दिसले

घटनेच्या निमित्ताने संपूर्ण कामाची पाहणी केली, तेव्हा फुटलेल्या नळीपेक्षा गंभीर वाटावी अशी एक गोष्ट रोजच्या रोज चालू असलेली आढळली. थुंकी देण्यासाठी आलेल्या रुग्णांना प्रयोगशाळेच्या स्वच्छतागृहात पाठवले जात होते. ते स्वच्छतागृह साडेतीन फूट रुंद, वर एक लहान झडप, आणि दार उघडते ते थेट प्रतीक्षाकक्षात. जोर लावून खोकणारा रुग्ण स्वतःच तुषारांचा स्रोत असतो. त्याने ते बंद जागेत करायचे, पाच मिनिटांनी दुसऱ्या कोणी तेथे लघवीचा नमुना द्यायला जायचे आणि प्रतीक्षाकक्षात लहान मूल मांडीवर घेऊन कोणी बसलेले असायचे. थुंकीचा नमुना उघड्या हवेत, इतरांपासून दूर द्यायचा असतो, हे राष्ट्रीय कार्यक्रमात सुरुवातीपासून शिकवले जाते. इमारतीची गच्ची हा स्वाभाविक पर्याय होता, पण सोसायटीच्या कार्यकारिणीने 'गच्चीवर कुरडया-पापड वाळतात' या कारणावरून नकार दिला. त्यांच्या जागी कोणीही तोच दिला असता. सध्या शक्य असेल तेथे रुग्णाला डबी देऊन, सकाळी घरीच मोकळ्या खिडकीपाशी किंवा अंगणात नमुना घ्यायला सांगतात. त्यासाठी मराठी आणि हिंदीत चित्रांसह सूचनापत्र केले आहे. सकाळचा नमुना तपासणीलाही अधिक चांगला असतो.

नमुने आणणाऱ्या रनरच्या स्कूटरच्या डिकीत डब्या एकाच कॅरीबॅगमध्ये, प्रत्येक डबीभोवती रबरबँडने मागणीपत्र गुंडाळलेले, अशा येत. गळती झाली की कागद भिजे आणि तोच कागद पुढे रिसेप्शनच्या टेबलावर जाई. आता घट्ट पेचाच्या झाकणाची डबी, तिच्याभोवती शोषक कागद व बंद पाउच, त्याबाहेर कठीण डबा, आणि कागद वेगळ्या पाकिटात अशी तीन थरांची बांधणी सुरू झाली आहे. गळलेली डबी उघडायची नाही, नोंद करून नाकारायची, हा अधिकार रिसेप्शनवरील कर्मचाऱ्यांनाच दिला आहे.

आणि मग ते टेबल. थुंकीत रसायन मिसळणे, व्हॉर्टेक्सवर ढवळणे, वरचा द्रव ओतून टाकणे ही सर्व कामे 'हूडमध्ये' होत असल्याचे आम्हाला अभिमानाने सांगण्यात आले होते. तो हूड म्हणजे आडव्या प्रवाहाचा लॅमिनार फ्लो होता, पूर्वी कल्चर प्लेट ओतण्यासाठी घेतलेला. त्यात मागच्या हेपा (अतिसूक्ष्म कण अडवणाऱ्या) फिल्टरमधून आलेली स्वच्छ हवा नमुन्यावरून वाहत थेट समोर बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर येते. प्लेटमध्ये धूळ पडू नये म्हणून केलेली ती रचना आहे, तिने नमुन्याचे रक्षण होते, माणसाचे नाही. क्षयाचा नमुना तेथे ढवळणे हे पंख्यासमोर बसून पीठ चाळण्यासारखे आहे. साध्या टेबलावर, उघड्या खिडकीपाशी केले असते तर ते काम अधिक सुरक्षित ठरले असते. जैवसुरक्षा कॅबिनेटमध्ये हवा माणसाच्या बाजूने आत ओढली जाते आणि बाहेर पडण्यापूर्वी हेपा फिल्टरमधून गाळली जाते. दोन्ही यंत्रे बाहेरून सारखीच दिसतात: काच, निळसर दिवा, पंख्याचा आवाज. लॅमिनार फ्लोवर आता मोठ्या अक्षरांत 'रुग्णाचे नमुने येथे हाताळू नयेत' असे लावले आहे, पण माझा भर पाटीपेक्षा तो दुसऱ्या खोलीत हलवण्यावर होता, आणि तो हलवला गेला.

कॅबिनेट घ्यावे की काम थांबवावे

प्रयोगशाळेच्या मालकांची पहिली प्रतिक्रिया 'लगेच क्लास-टू कॅबिनेट मागवतो' अशी होती. त्यांच्या तयारीचे कौतुक करूनही आम्ही विरोध केला, आणि बैठकीतला बराचसा वेळ या चर्चेतच गेला. कॅबिनेटच्या तोंडाशी आत ओढल्या जाणाऱ्या हवेचा वेग सेकंदाला अर्ध्या मीटरच्या आसपास असतो. माणूस साध्या चालीने शेजारून गेला तरी त्याहून जोराची हवा हलते. या खोलीत एकमेव मोकळी भिंत स्प्लिट एसीच्या झोताखाली आणि दारासमोर होती, म्हणजे कॅबिनेट असूनही हवेचा पडदा दिवसभर फाटत राहिला असता. शिवाय बसवल्यावर आणि पुढे दरवर्षी त्याची हवेचा वेग व फिल्टरच्या गळतीसाठी तपासणी करून प्रमाणपत्र घ्यावे लागते. वीज गेल्यास काम हातातच थांबवून नळ्या बंद करण्याइतका वेळ देणारा यूपीएस लागतो. गुरुवारची आठवण येथे सर्वांनाच झाली.

आठवड्याला फार तर वीस-पंचवीस नमुन्यांसाठी हे सगळे उभे करणे आणि मुख्य म्हणजे ते काम करणाऱ्यांचा हात त्यावर बसता ठेवणे, लहान प्रयोगशाळेला परवडत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. सीबीनॅटसारखी रेणवीय तपासणी हाताशी असताना कॉन्सन्ट्रेटेड स्मिअरने रुग्णाच्या निदानात पडणारी भरही मर्यादित आहे. कल्चर आणि औषध-संवेदनशीलतेसाठी पुण्यात राज्याची इंटरमीजिएट रेफरन्स लॅबोरेटरी आणि मान्यताप्राप्त मोठ्या प्रयोगशाळा आहेत. मालक नाराज होते, कारण शेजारची एक प्रयोगशाळा तीच तपासणी देत राहणार होती. अखेरीस तपासणी बंद करण्याचा निर्णय त्यांनी घेतला, पण 'सध्यापुरता' हा शब्द इतिवृत्तात घालून.

थेट स्लाइड आणि सीबीनॅट त्याच खोलीत चालू ठेवण्यासाठी हवेचा प्रश्न सोडवणे मात्र भाग होते. खोली पंधरा फूट लांब, बारा फूट रुंद आणि दहा फूट उंच, म्हणजे अठराशे घनफूट, सुमारे एक्कावन्न घनमीटर. ताशी बारा वेळा हवा बदलायची तर तासाला सहाशे दहा-बारा घनमीटर हवा बाहेर काढावी लागते, आणि बारा इंची चांगला एक्झॉस्ट पंखा ते काम करू शकतो. बाहेरची हवा दाराच्या बाजूने आत यावी, काम करणाऱ्याच्या पाठीमागून पुढे वाहावी आणि नमुन्यावरून जाऊन पंख्यातून निघून जावी, अशा बेताने टेबल फिरवून पंख्याच्या भिंतीला लावले. अगरबत्तीचा धूर टेबलाच्या कडेला धरून पाहिला, तो पंख्याकडे सरळ ओढला जात होता. एसी लावल्यावर मात्र तो कामाच्या जागी गिरक्या घेऊ लागला, म्हणून नमुने उघडे असताना एसी बंद ठेवायचा नियम केला आहे. एप्रिल-मे महिन्यांत तो कितपत पाळला जाईल याबद्दल सीनियर टेक्निशियननेच शंका व्यक्त केली, आणि त्यावर उपाय म्हणून नमुने उघडण्याची कामे सकाळी नऊच्या आत उरकण्याचे वेळापत्रक त्यांनीच सुचवले.

पंख्याचे बाहेरचे तोंड इमारतीच्या जिन्याच्या खिडकीपासून जेमतेम चार फुटांवर उघडते, आणि वरच्या मजल्यावरच्या शिकवणीची मुले त्याच जिन्याने ये-जा करतात. तेथून नळकांडे गच्चीच्या कठड्याच्या वर नेण्यास सोसायटीची लेखी परवानगी लागणार असून तिच्यासाठीचा अर्ज कार्यकारिणीपुढे आहे. ती मिळेपर्यंत स्लाइडचे काम प्रयोगशाळेच्या दुसऱ्या शाखेत होत आहे.